आरमाराची कलमे लावणारा माणूस



आपल्या नाशिक जिल्ह्यातून समुद्र दिसत नाही. कसारा घाट उतरून मुंबई गाठल्याशिवाय खारा वारा नाकाला लागत नाही. आपली गोदामाईसुद्धा जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून दूर पूर्वेला निघून जाते. तेव्हा आज या पानावर मी आरमाराच्या एका सेनापतीची गोष्ट सांगायला बसलो, तर तुम्ही म्हणाल, "यांना झाले तरी काय? कांद्याचे बोला, द्राक्षाचे बोला!" अहो, कांद्या-द्राक्षाचेच बोलतो आहे. जरा ऐकून तर घ्या.

२०२३ साल सरता सरता तांबड्या समुद्रात काय झाले, ते आठवते ना? येमेनमधल्या हूती बंडखोरांनी जाणाऱ्या-येणाऱ्या मालवाहू जहाजांवर मारा सुरू केला. सुएझच्या कालव्यातून युरोपला जाणाऱ्या बोटी तो रस्ता सोडून साऱ्या आफ्रिका खंडाला वळसा घालून जाऊ लागल्या. २०२४ च्या हंगामात निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांचे कंटेनर दहा-पंधरा दिवस जास्त पाण्यावर राहिले. भाडे वाढले. नाशवंत माल, त्यात लांबलेला प्रवास. बागेत उभ्या असलेल्या माणसाला तेव्हा कळले, की हजारो किलोमीटर दूर समुद्रात उडालेल्या ठिणगीची झळ आपल्या मांडवापर्यंत येते.

आणि एकट्या द्राक्षाचेच कशाला? तुम्ही शेतात टाकता ते पोटॅश जवळजवळ सगळे परदेशातून बोटीने येते. ट्रॅक्टरच्या डिझेलसाठी लागणारे कच्चे तेलही बहुतेक समुद्रावरूनच येते. लासलगावचा कांदा कोलंबोला, दुबईला जातो तोही न्हावा शेवा बंदरातून. म्हणजे आपल्या शेताचा एक बांध समुद्रात आहे, मंडळी. तो दिसत नाही, इतकेच.

त्या बांधावर राखणदार लागतो. तांबड्या समुद्रात आग लागली होती, त्याच दिवसांत आपल्या नौदलाच्या युद्धनौका अरबी समुद्रात पहाऱ्याला उभ्या होत्या. मार्च २०२४ मध्ये चाच्यांनी पळवलेले 'रुएन' नावाचे जहाज 'आयएनएस कोलकाता' ने अडवले. ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. पण असा राखणदार ऐन वेळी हाक मारली म्हणून हजर होत नाही. त्याची तयारी कोणीतरी फार आधी करून ठेवलेली असते. त्यांतल्या एका मराठी माणसाची ही गोष्ट. त्यांचे नाव व्हाईस अ‍ॅडमिरल भास्कर सदाशिव सोमण.

अंजदीवचा किनारा

सोमणांचा जन्म १९१३ चा. इंग्रजी अमदानीत, १९३० नंतरच्या दशकात ते आरमारात गेले. त्या काळी वरच्या जागा सगळ्या गोऱ्या साहेबांच्या. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, तरी नौदलाची सर्वोच्च खुर्ची १९५८ पर्यंत इंग्रज अधिकाऱ्याकडेच होती. अनुभवी हिंदी अधिकारी मोजकेच असल्याने असे झाले. १९५८ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅडमिरल कटारी हे पहिले हिंदी नौदलप्रमुख झाले. त्यांच्यानंतरचे दुसरे आपले सोमण.

प्रमुख होण्याआधी त्यांच्या हाती आपला आरमारी काफिला होता. साल १९६१. गोव्यात पोर्तुगीज ठाण मांडून बसलेले. कारवारच्या समोर समुद्रात अंजदीव नावाचे चिमुकले बेट आहे, तेही त्यांच्याच ताब्यात. नोव्हेंबरात या बेटावरून आपल्या प्रवासी बोटीवर आणि मच्छीमारांच्या होड्यांवर गोळीबार झाला. डिसेंबरात 'ऑपरेशन विजय' चा हुकूम सुटला, तेव्हा फौज जमिनीवरून शिरली, विमाने आकाशातून गेली आणि समुद्राची बाजू सोमणांच्या काफिल्याने धरली.

१८ डिसेंबरला मुरगाव बंदराच्या तोंडाशी 'बेतवा' आणि 'बिआस' या आपल्या युद्धनौकांनी पोर्तुगीजांचे 'अफोंसो द अल्बुकर्क' हे जहाज निकामी केले. त्याच दिवशी अंजदीववर आपले नाविक उतरले. पहिली तुकडी विनाअडथळा किनाऱ्याला लागली, दुसरीवर मात्र गोळ्यांचा मारा झाला. आपले सात नाविक तिथे कामी आले. दुसऱ्या दिवसापर्यंत बेट आणि गोवा दोन्ही आपले झाले. साडेचारशे वर्षांची परकी सत्ता दोन दिवसांत संपली, असे आपण सहज म्हणतो. पण ज्या सात घरी तार गेली असेल, त्या घरच्या आईला ते दोन दिवस किती लांब वाटले असतील, याचाही विचार करावा.

नाशिकचा खासदार, दिल्लीचा संरक्षणमंत्री

४ जून १९६२ रोजी सोमण नौदलप्रमुख झाले. पुरते पाच महिनेही झाले नाहीत, तोच ऑक्टोबरात चीनने हिमालयात हल्ला केला. तिथे आपले काय झाले, ते तुम्ही जाणताच. संरक्षणमंत्री बदलले, आणि नेहरूंनी मुंबईहून यशवंतराव चव्हाणांना बोलावून घेतले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे लोक तेव्हा अभिमानाने म्हणत. मंत्री झाले, तरी लोकसभेत जागा हवी. ती दिली आपल्या नाशिकने! १९६३ साली नाशिककरांनी यशवंतरावांना बिनविरोध निवडून पाठवले. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांना आठवत असेल. १९६४ साली ओझरला मिग विमानांचा कारखाना निघाला, तोही यशवंतरावांच्याच कारकिर्दीत.

म्हणजे पाहा, देशाचा संरक्षणमंत्री मराठी आणि तोही नाशिकचा खासदार; नौदलाचा प्रमुखही मराठी. तुम्हाला वाटेल, आता नौदलाचे भाग्य उजाडले. पण तसे झाले नाही, आणि त्यात कोणाची फारशी चूकही नव्हती.

घरात पैसा थोडा आणि भोके चार असली, की कारभारी काय करतो? जिथून पाणी आत आले, ते भोक आधी बुजवतो. चीन डोंगरातून आला होता. तेव्हा डोंगरात लढणाऱ्या फौजेला माणसे हवीत, बंदुका हव्यात, लोकरी कपडे हवेत, रस्ते हवेत. त्यानंतर विमाने हवीत. १९६४ ते १९६९ अशी संरक्षणाची पाच वर्षांची योजना आखली गेली. फौज सव्वाआठ लाखांची, विमानदल ४५ स्क्वाड्रनांचे, असे मोठे आकडे त्यात होते. नौदलाच्या वाट्याला मुख्यतः जुनी झालेली जहाजे बदलण्याचे काम आले.

सोमणांचे म्हणणे वेगळे होते. त्यांना फौजेचा घास काढून घ्यायचा नव्हता. ते एवढेच सांगत होते, की आज बुजवायचे भोक उत्तरेला आहे, पण उद्याचे दक्षिणेला असू शकते. आणि जहाज काही उद्या मागितले की उद्या मिळत नाही. आराखडा, पैसा, गोदी, कारागीर, मग बांधणी, मग चाचण्या, आणि त्यावर चढणाऱ्या माणसांचे शिक्षण. यात सात-आठ वर्षे सहज जातात.

म्हणून त्यांनी तीन गोष्टींचा पाठपुरावा केला. पहिली पाणबुडी. आपल्याकडे तोवर एकही नव्हती, आणि पाकिस्तानला १९६४ साली अमेरिकेकडून 'गाझी' मिळाली होती. दुसरी अंदमान-निकोबार. ही बेटे आपल्या मुख्य भूमीपासून हजार किलोमीटरहून दूर, तर त्यांचे दक्षिण टोक इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. लांबच्या तुकड्यावर राखणदार नसेल, तर शेजाऱ्याचा नांगर कधी आत सरकेल, हे तुम्हाला मी सांगायला नको. १९६४ साली पोर्ट ब्लेअरला 'आयएनएस जारवा' हा तळ उभा राहिला. तिसरी गोष्ट म्हणजे आपल्या गोदीत आपल्या हाताने युद्धनौका बांधणे. सरकारने १९६० साली माझगाव गोदी विकत घेतली होती. तिथे ब्रिटिश आराखड्यावरून 'लिअँडर' जातीच्या फ्रिगेट बांधायच्या, असे याच काळात ठरले.

पाणबुडीसाठी आधी इंग्रजांचे दार ठोठावले. परवडेल असा सौदा तिथे जमला नाही. मग यशवंतराव रशियाकडे वळले. सप्टेंबर १९६५ मध्ये चार पाणबुड्यांचा आणि इतर जहाजांचा करार झाला. तारखेकडे लक्ष द्या, मंडळी. करार कागदावर आला त्याच महिन्यात युद्ध पेटले होते. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली, तर पाणी त्या तहानेला कसे पुरायचे?

पोरबंदरची रेघ

१९६५ च्या त्या युद्धातला प्रसंग सोमणांच्या आयुष्यातला सर्वांत कडू.

युद्धाचे बेत ठरले ते मुख्यतः संरक्षणमंत्री, लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाईदलप्रमुख अर्जनसिंग यांच्यात. नौदलाला त्यात जवळजवळ जागाच नव्हती. १ सप्टेंबरला छांबमध्ये पाकिस्तानचे रणगाडे शिरले, तेव्हा आपला काफिला पार पूर्वेला बंगालच्या उपसागरात सरावासाठी गेलेला. 'विक्रांत' हे आपले एकमेव विमानवाहू जहाज मुंबईच्या सुक्या गोदीत दुरुस्तीला. पेरणीच्या दिवशी बैल दुसऱ्या गावी आणि तिफण सुताराकडे, अशी गत.

त्यातच सरकारचा लेखी आदेश आला. पोरबंदरच्या उत्तरेला समुद्रात नौदलाने आपण होऊन कोणतीही चढाई करू नये. पाकिस्तानने आगळीक केली आणि भाग पडलेच, तरच काय ते करावे. लढाई जमिनीपुरती राहावी, समुद्रावर पसरू नये, हा त्यामागचा विचार. पूर्वेकडे इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकर्ण पाकिस्तानच्या बाजूने बोलत होते, त्यामुळे अंदमानचीही काळजी होती.

७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानच्या सात युद्धनौका द्वारकेसमोर आल्या. काही मिनिटे तोफा डागून त्या परत फिरल्या. नुकसान फारसे झाले नाही. बरेचसे गोळे मऊ मातीत रुतले, काही फुटलेच नाहीत. रेल्वेच्या विश्रामगृहाची पडझड झाली, पण द्वारकाधीशाचे मंदिर वाचले. मात्र देशाच्या मनाला जखम झाली. आपले आरमार कुठे आहे, असे लोक विचारू लागले.

सोमणांना काय वाटले असेल? घरावर दगड पडले आहेत, लोक घरधन्याला भेकड म्हणत आहेत, आणि कडी बाहेरून घातलेली आहे. त्या आदेशाविरुद्ध ते गप्प बसले नाहीत. ते संरक्षणमंत्र्यांकडे गेले, पंतप्रधान शास्त्रीजींपर्यंत गेले. नौदलाला मोकळीक द्या, असे त्यांनी समोरासमोर सांगितले. उत्तर बदलले नाही.

मग त्यांनी आदेश पाळला.

इथे जरा थांबू या. मी मुद्दाम हे वाक्य वेगळे लिहिले. आपल्या आसपासच्या कितीतरी देशांत नेमके याच वळणावर सेनापतींनी सरकारचे ऐकणे सोडले आणि तिथली लोकशाही गेली. सोमणांनी मतभेद लपवला नाही, आणि मर्यादाही ओलांडली नाही. सांगायचे ते तोंडावर सांगितले. ठरले ते पाळले. पटत नसताना पाळणे सोपे नसते. सासर-माहेर दोन्ही सांभाळणाऱ्या आमच्या भगिनींना हे कोणी शिकवायला नको.

यशवंतरावांवर राग धरायचा का? मला तसे वाटत नाही. दोन आघाड्या पेटल्या असताना तिसरी पेटवायची की नाही, हे ठरवण्याचा बोजा लढणाऱ्यावर नसतो, राज्य चालवणाऱ्यावर असतो. पण नौदलाला आधी विश्वासात घ्यायला हवे होते, ही चूक मात्र खरी. आणि ती पुढे सुधारली गेली.

फळ दुसऱ्यांनी तोडले

३ मार्च १९६६ रोजी सोमण निवृत्त झाले. हाती गाजावाजा करण्यासारखा विजय नव्हता. लोकांच्या लक्षात राहिली ती द्वारका.

आता पुढच्या तारखा पाहा. ८ डिसेंबर १९६७ रोजी आपली पहिली पाणबुडी 'कलवरी' नौदलात दाखल झाली. त्या दिवशी आजही पाणबुडी दिन पाळतात. २३ ऑक्टोबर १९६८ रोजी माझगाव गोदीतून 'निलगिरी' पाण्यात उतरली. १९७२ साली ती सेवेत आली. आज त्याच गोदीत मोठमोठ्या विनाशिका आणि पाणबुड्या बांधल्या जातात, त्यांची सुरुवात तिथे आहे.

आणि डिसेंबर १९७१. नौदलप्रमुख होते अ‍ॅडमिरल नंदा. त्यांचे बालपण कराचीच्या बंदरालगत गेलेले, त्यामुळे तिथल्या पाण्याचा त्यांना अंदाज. त्यांनी १९६५ चा धडा गाठीला बांधला होता. युद्धाच्या आधीच ते पंतप्रधान इंदिरा गांधींना भेटले आणि कराचीवर हल्ला केला तर सरकारची हरकत असेल का, हे विचारून घेतले. हरकत आली नाही. ४ डिसेंबरच्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या छोट्या क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या आणि शत्रूच्या युद्धनौका त्यांनी बुडवल्या. म्हणून ४ डिसेंबर हा नौदल दिन. १९६५ साली सुक्या गोदीत पडलेली 'विक्रांत' या वेळी बंगालच्या उपसागरात होती, आणि तिची विमाने चितगाव बंदरावर बॉम्ब टाकत होती.

विजय नंदांच्या काफिल्याचा, शंकाच नाही. पण सोमणांची सहा वर्षांपूर्वीची कळकळ वाया गेली नाही, हेही तितकेच खरे. नौदलाला वगळून देशाच्या संरक्षणाचा विचार करता येत नाही, हे त्यांचे म्हणणे तोवर दिल्लीला पटले होते. ८ फेब्रुवारी १९९५ रोजी सोमण वारले. आपल्या मराठी मुलुखातही त्यांचे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

जाता जाता एक जुनी गोष्ट सांगतो. शिवछत्रपतींच्या राज्यकारभाराची रीत रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा' त लिहून ठेवली आहे. त्यात आरमारावर वेगळे प्रकरण आहे. जहाजाला लाकूड लागणार, म्हणून जंगलातला साग परवानगीने तोडावा, असे ते सांगतात. पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू देऊ नये, असेही बजावतात. का? तर ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी जपून वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच घ्यावे.

आरमाराची निकड कोणाला अमात्यांहून जास्त? तरी त्यांना झाड लावणाऱ्याचे मोल ठाऊक होते. मला वाटते, आरमारसुद्धा त्या आंब्यासारखेच आहे. हवे तेव्हा उगवत नाही. कोणीतरी आधी खड्डा खणावा लागतो, कलम लावावे लागते, पाणी घालावे लागते. आणि पुष्कळदा फळ दुसऱ्याच्या हाती पडते. सोमणांनी कलमे लावली. आंबे १९७१ साली उतरले, आणि आपली द्राक्षे, आपला कांदा त्याच झाडाच्या सावलीतून आज समुद्रापार जातो.

तुमच्या घरात एखादा नातू किंवा नात नौदलात जायचे म्हणत असेल, तर 'आपल्याला कुठे समुद्राची सवय' म्हणून त्यांचा हिरमोड करू नका. नौदलाच्या भरतीत आता मुलींनाही घेतात. आणि आपल्या बांधावर या मोसमात एखादे कलम लावाल, तेव्हा त्याच्या पहिल्या आंब्याची घाई करू नका. लावणाऱ्याच्या वाट्याला नाही आला, तरी घरात कोणाच्या तरी हाती तो पडणारच आहे.